ठासणीच्या बंदुकीचा बार थंडीत का हुकतो: रब्बी हंगामातल्या नोंदी

२८ नोव्हेंबर २०२४

विधानसभेची आचारसंहिता उठली. ठाण्यात जमा केलेली बंदूक आज परत मिळाली. आता रब्बीच्या राखणीला लागायचे, आणि त्याआधी तिचा थंडीतला आजार एकदाचा शोधून काढायचा. म्हणून ही वही.

आमची शेती चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. हरभरा, मका, थोडी दादर (रब्बी ज्वारी) आणि विहिरीजवळ केळी. बंदूक एकनळी, ठासणीची, म्हणजे दारू नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची, आणि टोपीवर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याच्या छोट्या धातूच्या वाटीवर, चालणारी. वडिलांच्या नावावर होती, वारसाने परवाना माझ्याकडे आला. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, त्यातलाच हा परवाना. अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे वनखात्याकडे नाव नोंदवायचे असते, तेही केलेले आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे. वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय त्यांच्यावर छर्रा चालवता येत नाही आणि मला चालवायचाही नाही. आमच्या बारात दारू आणि डाट, म्हणजे तिच्यावर ठासलेला तागाचा बोळा, एवढेच असते. काम आवाजाचे आहे. आवाज झाला की कळप डोंगराकडे वळतो.

अडचण अशी की दिवाळीपर्यंत ही बंदूक बिनतक्रार वाजते आणि कडाका सुरू झाला की दगा देते. मागच्या जानेवारीत सालदारभाऊ, म्हणजे आमचे सालावर ठेवलेले गडी, बॅटरी घेऊन मक्यात पुढे होते, मी बांधावर. एक मोठा डुक्कर त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. मी हवेत बार काढायला गेलो तर नुसतीच टोपी वाजली. ते निंबावर चढले म्हणून वाचले. सालदारभाऊंनी त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. माणूस ज्या आवाजाच्या भरवशावर पुढे जातो, तो आवाज झालाच पाहिजे.

४ डिसेंबर

पहाटे तीनच्या सुमाराला हरभऱ्यात डुकरे. माळ्यावरच्या, म्हणजे राखणीच्या मचाणावरच्या, थर्मामीटरवर ११ अंश. पहिल्या ठोक्याला घोडा टोपीवर पडला आणि काहीच झाले नाही. नळी वरच्या दिशेने तशीच धरून थांबलो, मग घोडा पुन्हा चढवून दुसरा ठोका दिला. टोपी वाजली, बारही झाला.

आजपासून वहीत ‘बार हुकला’ असे मोघम लिहायचे नाही. आग कुठपर्यंत पोचली ते लिहायचे. चाप ओढला की घोडा पडतो. घोडा टोपीवर आपटतो आणि टोपीतला मसाला ठोक्याने पेटतो. ती ज्वाळा निपलच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीच्या, बारीक भोकातून खाली उतरते, बाजूच्या छोट्या गोळ्यात काटकोनात वळते आणि नळीच्या बुडाशी पोचते. तिथे दारू. या वाटेवर ती कुठे अडली, हे बाहेरून ऐकूनसुद्धा ओळखता येते.

टोपीच वाजली नाही तर दोष घोड्यात, कमानीत (स्प्रिंगमध्ये), टोपीत किंवा टोपी नीट न बसण्यात. टोपी वाजली पण बार नाही, तर पुढची वाट तुंबलेली किंवा दारू ओली. आणि टोपी वाजल्यावर क्षणभर शांत राहून मग बार झाला, तर आग पोचली पण रडतखडत पोचली. या तिसऱ्याला मी रेंगाळलेला बार म्हणतो. सगळ्यांत घातकी तोच. माणसाला वाटते हुकला, म्हणून तो नळी खाली घेतो आणि नेमका तेव्हाच बार सुटतो. म्हणून टोपी वाजून बार झाला नाही तर नळी होती त्याच मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट हलायचे नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नुसत्या डाटाचा बारसुद्धा जवळून माणसाला जखमी करतो.

आजचा दोष पहिल्या जातीचा. दुसऱ्या ठोक्याला टोपी वाजली याचा अर्थ मसाला चांगला होता. एक तर पहिला ठोका हलका पडला, नाहीतर टोपी निपलवर पूर्ण बसली नव्हती आणि पहिल्या ठोक्याचे बळ तिला खाली बसवण्यातच गेले.

८ डिसेंबर

दुपारी खळ्यावर चाचणी. आधी गज नळीत सोडून बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. गजावर आतून रिकाम्या नळीच्या खोलीची खूण कोरलेली आहे. ती खूण तोंडाशी आली नाही तर आत काहीतरी आहे असे समजायचे. वडिलांनी कोरलेली ही खूण मला कागदपत्रांइतकीच मोलाची वाटते.

मग निपलवर नुसती टोपी लावली. पिंजलेल्या कापसाचा छोटा पुंजका जमिनीवर ठेवला आणि नळीचे तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरले. टोपी वाजली की तिचा वारा निपलमधून आख्ख्या नळीत फिरून तोंडातून बाहेर आला पाहिजे. वाट मोकळी असेल तर कापूस उडतो. वाट बंद असेल तर टोपीचा आवाज तेवढाच होतो, कापूस जागचा हलत नाही. या चाचणीला दारू लागत नाही, आणि घोडा-टोपीचा दोष वाटेच्या दोषापासून लगेच वेगळा पडतो.

दुपारी २८ अंश होते. टोप्या पहिल्याच ठोक्याला वाजत होत्या, कापूसही उडत होता. थोडा आळसावल्यासारखा, पण उडत होता.

आबा, म्हणजे माझे चुलते, बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, “दुपारले ती कव्हयबी वाजस. पहाटले देख.”

९ डिसेंबर

आबांचे ऐकले. रिकामी बंदूक रात्रभर माळ्यावर माझ्याजवळ उघड्या हवेत ठेवली. पहाटे पाचला ९ अंश. तीच बंदूक, त्याच डबीतल्या टोप्या, तोच कापूस.

टोपी लावण्याआधी निपलवर चामड्याचा तुकडा धरला आणि घोडा पडताना नुसता कान दिला. दुपारी ‘खट्’ असा एकच कोरडा आवाज येत होता. पहाटे आधी घासल्यासारखे काहीतरी ऐकू येते आणि मग ठोका, तोही बोदा. घोडा पडायला उशीर लावतो हे डोळ्यांनाही दिसत होते. टोप्या लावल्या तर पहिल्या ठोक्याला बहुतेक मुक्याच राहिल्या. ज्या वाजल्या त्यांनीही कापूस जेमतेम हलवला.

बॅटरी जवळ धरून घोड्याच्या बुडाशी पाहिले. जिथे घोडा पट्टीत शिरतो तिथे पांढुरकी, मेणचट साय जमली होती. नखाने खरवडली, चिमटीत धरली. बोटांच्या उबेने ती विरघळली आणि नाकाला लावली तर वास खोबऱ्याचा.

आमच्या घरी बंदुकीला पिढ्यानपिढ्या खोबरेल लावतात. दाराच्या बिजागरीला, शिवणयंत्राला, डोक्याला आणि बंदुकीलाही तेच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. खान्देशात वर्षाचे बरेच महिने ते पातळच असते, त्यामुळे कुणाला कधी शंका येण्याचे कारण नव्हते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र तेच तेल कमानीच्या आणि घोड्याच्या सांध्यात घट्ट होऊन बसते.

सकाळी आबांना दाखवले. त्यांनी बोटाने पुसून पाहिले आणि बराच वेळ गप्प राहिले. “थंडीमा खोबरेल गोठस हाई माले ठाऊक. पन बंदूकमा बी गोठत व्हई, हाई ध्यानमा नही उनं.”

थंडीचा खरा दोष किती, हेही इथे लिहून ठेवतो. आठ-दहा अंशांत पोलादी कमान अशक्त होत नाही. काळ्या दारूलाही त्या गारठ्याचे काही वाटत नाही, बर्फाच्या देशांत ती शतकानुशतके पेटत आली आहे. थंडी फक्त आधीपासून साचलेली खोट उघडी पाडते. दुपारच्या उन्हात झाकलेली ती खोट पहाटे समोर येते.

१२ डिसेंबर

लॉक, म्हणजे घोडा, कमान आणि खटका ज्या पट्टीवर बसवलेले असतात ती, दस्त्यापासून उतरवून धुतले. पट्टीचे दोन स्क्रू काढले की ती अख्खी बाहेर येते. कमान सोडवायच्या भानगडीत पडलो नाही. ताणलेली कमान पकडीतून निसटली तर बोट घेते, आणि दुरुस्तीचे काम परवाना असलेल्या कारागिरानेच करायचे असते.

पट्टी डिझेलात बुडवून ठेवली, जुन्या दातघासणीने सांधे घासले. खोबरेल विरघळून गेले, पण त्याच्याखाली तपकिरी, राळेसारखा थर निघाला. तो जवसाच्या तेलाचा असणार. दस्त्याच्या लाकडाला दरवर्षी जवसाचे तेल चोळतात, त्याचे ओघळ आत गेलेले. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, लाकडाला ते त्याच गुणासाठी लावतात. लोखंडाच्या सांध्यात तोच गुण अवगुण ठरतो. लाकडी काडीने आणि डिझेलाने पुन्हा पुन्हा घासल्यावर तो थर सुटला.

कोरडे करून शिवणयंत्राचे पातळ तेल सुईच्या टोकाने सांध्यांना लावले. थेंब दिसेल एवढेही नाही. थंडीच्या दिवसांत जास्त तेल म्हणजे पुन्हा धूळ आणि चिकटा. लॉक परत बसवले. घोड्याचा आवाज आता पहाटेसुद्धा कोरडा येतो.

लाकडाला जवस चालेल, पण इथून पुढे लॉक उतरवून ठेवल्यावरच.

१५ डिसेंबर

पहाटे ८ अंश. कडाका चांगलाच आहे. केळीच्या बागेभोवती लोक शेकोट्या पेटवून धूर करत आहेत. थंडीने केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, त्यावर आमच्याकडे हाच जुना उपाय.

मुक्या टोप्यांचा दोष गेला, जवळजवळ पूर्ण गेला. कापूस मात्र अजून मरगळल्यासारखाच हलतो. रात्री दादरच्या बांधावर रोह्यांसाठी बार काढायला गेलो तर टोपी खणखणीत वाजली आणि पुढे काही नाही. एक मिनिटाहून जास्त थांबलो. सालदारभाऊ अंधारातून ओरडले, “टोपी वाजनी भाऊ, पन बार नही उडना!” मी त्यांना लांबच थांबायला सांगितले.

नवी टोपी लावली. ती वाजली आणि बार रेंगाळून सुटला. आवाजही नेहमीसारखा फुटून आला नाही, दबका आला. म्हणजे दोष आता वाटेत आणि दारूत.

१६ डिसेंबर

दिवसभर वाट धुण्यात गेला. निपल त्याच्या चावीने काढला. नळीचे बूड बादलीत ठेवून तोंडातून कढत पाणी ओतले. पहिले पाणी काजळीसारखे काळे आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. तो दारूतल्या गंधकाच्या राखेचा. पाणी निवळ येईपर्यंत ओतत राहिलो. पाणी जितके कढत, तितके बरे. लोखंड तापते आणि पाणी आपोआप सुकते.

काळी दारू जळली की तिच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राख म्हणून मागे उरतो. धूर म्हणून दिसतो आणि नळीला चिकटतो तो हाच. या राखेत पोटॅशियमचे कार्बोनेट असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते. दुपारी नळी कोरडी खडखडीत लागते, पण दहिवर पडले की तीच राख चिखल होते. निपलच्या भोकात तर तो चिखल अगदी गोळी बनून बसतो. म्हणून दिवाळीनंतर बंदूक तीच, दारू तीच, तरी वागणे वेगळे. आमच्याकडे पावसाळ्यात बंदूक फारशी बाहेर निघतच नाही. नाहीतर हा दोष जुलैतही दिसला असता.

निपल मोकळा झाला, पण बाजूच्या छोट्या गोळ्यात जिथे वाट काटकोनात वळते तिथे तार जात नव्हती. गोळ्याच्या बाहेरच्या टोकाला एक स्क्रू आहे. तो वाट साफ करण्यासाठीच ठेवलेला असतो. गंजून असा बसला होता की पेचकसाची धार वाकली. जोर केला असता तर खाच तुटली असती. म्हणून थांबलो.

१९ डिसेंबर

जळगावला परवानाधारक कारागिराकडे. परवाना आणि बंदूक दोन्ही घेऊन गेलो.

त्यांनी स्क्रूवर पातळ तेल सोडले, गोळा थोडा तापवला, गार होऊ दिला, पुन्हा तेल सोडले आणि तासाभराने स्क्रू हातानेच फिरला. आतून निघाले ते पाहण्यासारखे होते. जुन्या राखेचा दगडासारखा खडा आणि त्याच्या मधोमध सुईच्या अग्राएवढे भोक. एवढ्या वर्षांचे बार या भोकातून गेले. ओल धरली की ते भोकही बंद.

निपलही त्यांनी भिंगाखाली दाखवला. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी त्याचे तोंड फुलून कडा बाहेर पसरल्या होत्या. टोपी त्या कडांवर अडते, खाली टेकत नाही. पहिला ठोका तिला दाबण्यात जातो, दुसरा पेटवतो. टोपी गळू नये म्हणून काही जण ती चिमटीत दाबून लांबट करतात, त्यानेही हेच होते. कारागिरांनी नवा निपल घालून दिला. टोप्यांच्या दोन मापांच्या डब्या समोर ठेवल्या आणि नेमकी कोणती बसते ते पाहून घेतले. टोपी बोटाने टेकवली की घट्ट बसली पाहिजे आणि बंदूक उलटी केली तरी गळता कामा नये.

टोपीची गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. त्याआधी चकमकीच्या गारगोटीने ठिणगी पाडून रंजक, म्हणजे बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू, पेटवायची, मग कानातून, म्हणजे नळीच्या बुडाच्या भोकातून, आग आत. पाऊस आला, वारा आला की खेळ संपला. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याला शिकारीत त्रास व्हायचा. रंजक पेटल्याची चमक बघून पाखरे बार सुटण्याआधीच उडायची. त्याने ठोक्याने पेटणारा मसाला वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट असे, आता दुसरे मसाले वापरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मी पहाटे तीन वाजता जी टोपी लावतो तिची मुळे तिथली आहेत.

कारागिरांनी कमानीवर बोट ठेवले. “चालेल अजून, पण थकलीय.” तूर्त बदलली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

२१ डिसेंबर

पहाटे १० अंश. कापसाची चाचणी. टोपी पहिल्याच ठोक्याला वाजली आणि कापूस असा उडाला की अंधारात शोधावा लागला. आबांनी तो उचलून आणून पुन्हा नळीपुढे ठेवला. पुन्हा तेच.

२४ डिसेंबर

रात्री गारठा होता. मक्यात डुकरे आली, बार चोख झाला. त्यानंतर सगळे खळ्यावरच्या झोपडीत शेकोटीजवळ बसलो, चहा झाला. तासाभराने पुन्हा मक्यात खसखस. तिथेच बंदूक भरली, टोपी लावली. बार रेंगाळला.

सगळे धुतलेले, निपल नवा, तेल बदललेले. मग आता काय उरले? झोपडीत परत येऊन बॅटरी लावली तर नळीवर बारीक दव. शेजारी बाहेरून आणलेला पितळी तांब्या होता, त्यावरही तसेच. बाहेर गार झालेले लोखंड उबदार आणि दमट झोपडीत आणले की झोपडीतल्या हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. पाच-सहा माणसांचा श्वास, उकळता चहा, ओली चादर, सगळी वाफ त्या झोपडीतच. दव बाहेरून दिसते तसेच नळीच्या आतही आणि निपलच्या भोकातही बसते. पहिल्या बाराची राख आत होतीच, तिने ते पाणी शोषून घेतले. वर कोरडी दारू घातली तरी तिचा तळ या ओलाव्यावरच टेकतो.

लोकांचा समज याच्या उलट आहे. बंदूक थंडीत ठेवू नये, चुलीपाशी ठेवावी असे सगळे सांगतात. एकदाची उबेला ठेवली आणि पूर्ण सुकेपर्यंत तिथेच राहिली तर ठीक. पण रात्रभर आत-बाहेर करणे सगळ्यांत वाईट. चुलीपाशी दुसरा मोठा धोकाही आहे, दारूचा. दारू असलेली कोणतीही वस्तू शेकोटीच्या आसपास नको, हा नियम आज सगळ्यांना पुन्हा बजावला. सालदारभाऊंच्या धाकट्या पोराने विचारले, किती लांब? मी त्याला खळ्याच्या पलीकडची बाभूळ दाखवली.

२७ डिसेंबर

दोन दिवस ढगाळ. पहाटेचा पारा वर चढला. हरभऱ्यावर घाटेअळी वाढेल, ही काळजी वेगळीच.

बार सगळे चोख. पण या दिवसांवरून काही ठरवता येत नाही, उबेत ही बंदूक आधीही वाजायचीच. थंडी परत येईपर्यंत निकाल राखून ठेवतो.

मधल्या वेळात दारूचे पाहिले. दारू पत्र्याच्या डब्यात माळ्यावर असायची, झाकण सैल. डब्याच्या तळाशी दाणे एकमेकांना चिकटून ढेकळे झालेली. ढेकळे फोडून तीच दारू वापरायचा सल्ला एकाने दिला. मला तो पटला नाही. ओल लागून सुकलेल्या दारूतला सोरा वर येतो आणि मिश्रण एकसारखे राहत नाही. ती दारू बाजूला काढली, नवी परवानाधारक दुकानातून आणली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, घरात, कुलपात. शेतावर जाताना त्या रात्रीपुरतीच सोबत.

३ जानेवारी २०२५

थंडी परतली. पहाटे ९ अंश.

शेजारच्या शिवारात प्लॅस्टिकच्या पाइपाची कार्बाइडची तोफ आणली आहे. आवाज मोठा, खर्च कमी, परवाना नाही. आमच्या पोरांनाही तिचा मोह आहे. मी घरात स्पष्ट सांगितले की ती आपल्या शेतात येणार नाही. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू होतो. तो पाइपात किती साठला हे कुणाला कळत नाही. पेटला नाही म्हणून माणूस तोंडाशी डोळा लावून बघतो आणि तेव्हाच तो पेटतो. रेंगाळलेल्या बाराचा हाच धोका, फक्त तिथे थांबायचा नियम शिकवणारे कुणी नसते. अशा पाइपांनी पोरांचे डोळे गेले आहेत.

आता आमची रात्रीची रीत ठरली आहे. संध्याकाळी निघताना नळी आणि निपल कोरड्या चिंधीने पुसायचे, तेलाचा अंशही वाटेत ठेवायचा नाही. आदल्या वेळचे संरक्षणाचे तेल राहिले असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. शेतावर पोचल्यावर, भरण्याआधी, रिकाम्या नळीवर एक टोपी वाजवून कापूस किंवा वाळले पान उडते का ते बघायचे. त्या टोपीच्या ज्वाळेने वाटेतली उरलेली ओलही जाते. मग रात्रभर बंदूक बाहेरच, माळ्यावर, माझ्या हाताशी, छपराखाली आणि रिकामी. शेकोटीपाशी न्यायची नाही. डुकरे आली तरच भरायची, टोपी अगदी शेवटी. पूर्वी संध्याकाळीच भरून ठेवायची पद्धत होती. ती बंद केली. दहिवरात पाच-सहा तास पडलेला भरलेला बार भरवशाचा नसतो, आणि भरलेली बंदूक माणसांमध्ये रात्रभर ठेवणे मला आधीपासूनच खुपत होते.

ठासताना दारू आणि डाट यांच्यात पोकळी राहू द्यायची नाही. गजावर दुसरी खूण करून घेतली आहे, भरलेल्या बाराची. ती खूण तोंडाशी जुळली की डाट दारूला टेकला. पोकळी राहिली तर नळीलाच धोका. दारू चिरडेल इतके ठोकायचेही नाही, दर वेळी सारख्या हाताने दाबायचे.

आणि हुकलेला बार काढायची घाई नको. थांबून, निपल काढून, नळीत पाणी सोडून दारू निकामी करायची, मग पेचाच्या गजाने डाट ओढायचा. मध्यरात्री अंधारात हे करायचे नाही. बंदूक मोकळ्या दिशेला तोंड करून माझ्याच हातात, आणि उजाडल्यावर काम.

१० जानेवारी

पहाटे ७ अंश, या हंगामातला माझ्याकडचा सर्वांत खालचा आकडा. हरभऱ्याच्या शेंड्यांवर दहिवराचे थेंब आणि बॅटरी फिरवली की सगळे शेत चमकते.

दोनच्या पुढे डुकरे आली. पिल्ले बरोबर होती. सालदारभाऊ पुढे गेले, मी बांधावरून बंदूक भरली, टोपी टेकवली, नळी आभाळाकडे. ते बॅटरी हलवून खूण करतात, तेव्हाच बार, असे ठरले आहे. खूण झाली. टोपी आणि बार वेगळे ऐकूच आले नाहीत, एकच आवाज झाला. सातपुड्याच्या अंगाने तो घुमत गेला. कळप ओढ्यात उतरला आणि पलीकडे निघून गेला. सालदारभाऊ परत आले, त्यांनी बंदुकीच्या दस्त्यावर थाप मारली. “आते बरं.”

आवाजाची सवय डुकरांना होऊ नये म्हणून रोज बार काढत नाही. कधी डबा, कधी बॅटरी, कधी नुसती आरोळी. बार जपून ठेवायचा, म्हणजे तो लागतो तेव्हा त्याचा धाक असतो.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. थंडीतल्या रात्री सलग पाहिल्या आणि मुकी टोपी किंवा रेंगाळलेला बार पुन्हा दिसला नाही.

एक नवीन गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवतो. तागाचा डाट बाहेर पडल्यावर धुमसत राहतो. आता हरभरा हिरवा आहे, दहिवर आहे, म्हणून विझतो. फेब्रुवारीत दादरची पाने आणि बांधावरचे गवत वाळले की हाच डाट आग लावेल. म्हणून डाट बदलायचा. जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापून पाहिली, ती धुमसत नाही, पण नळीत तिरकी बसली तर पोकळी राहते. गजाच्या टोकाला नळीच्या मापाची सपाट लाकडी टोपण बसवून घ्यावे लागेल, म्हणजे चकती सरळ जाईल. सुताराला माप दिले आहे.

बार झालेल्या प्रत्येक रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कढत पाण्याने धुणे चालू आहे. उद्यावर टाकत नाही, कारण राखेने एका रात्रीत नळीच्या बुडाशी तांबूस गंज धरलेला मी पाहिला आहे. धुतल्यावर उन्हात सुकवणे, मग पातळ तेलाचा हात. गोळ्याच्या बाजूचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडून परत बसवायचा, म्हणजे पुन्हा जाम होणार नाही. त्याच्या आट्यांना थोडा मेणाचा हात दिला आहे.

राहिलेले काम कमानीचे. हंगाम संपला की मार्चमध्ये जळगावला बंदूक नेऊन ती बदलायची. परवान्याचे नूतनीकरण त्याच सुमाराला आहे, दोन्ही कामे एका फेरीत होतील.